आरक्षणाची वेळ ही जेवणाची वेळ नव्हे

फ्लोरिडातल्या ऑरलँडोला जायचा बेत असेल, वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तीन-चार दिवस काढायचे असतील आणि सोबत लहान मुलं किंवा मधुमेह असलेले आई-बाबा असतील, तर निघण्यापूर्वी हे वाचा. अमेरिकेत राहणारी मुलं आई-वडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावतात आणि त्यातल्या एका आठवड्यात सगळं घर ऑरलँडोला जातं, हे आता आपल्याकडे घरोघरचं झालं आहे. पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्याही माणसं घेऊन तिथं जातात. तिकिटं, हॉटेल, पाळणे या सगळ्यांचा अभ्यास लोक कसून करतात. जेवणाचा मात्र 'टेबल बुक केलंय' या तीन शब्दांत निकाल लावतात, आणि तिथंच दिवस बिघडतो.

साडेबाराचं टेबल म्हणजे साडेबाराला जेवण, हे डोक्यातून काढून टाका. डिस्नेच्या उपाहारगृहांत तुमच्या नावाचं टेबल रिकामं राखून ठेवलेलं नसतं. तुम्ही वेळेवर येऊन नोंद केलीत की तुमच्या मंडळींना पुरेल असं जे पहिलं टेबल मोकळं होईल, ते तुम्हाला मिळतं. कधी ते पाच मिनिटांत मिळतं, कधी अर्धा तास जातो, गर्दीच्या दिवसांत त्याहूनही जास्त. त्यानंतर बसायचं, मेनू वाचायचा, ऑर्डर द्यायची. घास तोंडात जाईपर्यंत दीड-दोन वाजले तर त्यात कुणी तुम्हाला फसवलं असं होत नाही. ती व्यवस्था मुळातच तशी चालते.

असं का होतं, हे आपल्याला लग्नातल्या पंगतीवरून चटकन कळेल. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, आणि पहिल्या पंगतीत कोण किती वेळ मठ्ठा मागत बसेल ते यजमानाच्या हातात नसतं. उपाहारगृह हिशेब करतं की चौघांचं कुटुंब साधारण तासाभरात उठेल, आणि त्यावर पुढच्या वेळा वाटून देतं. मग एका टेबलावरचं लेकरू झोपतं, दुसऱ्या टेबलावर वाढदिवस निघतो, तिसऱ्यावरचे लोक एसीतून बाहेरच्या उन्हात जायलाच तयार नसतात. सकाळपासून एकेका टेबलाला दहा-दहा मिनिटं उशीर झाला की दुपारच्या माणसाच्या वाट्याला तो सगळा साचून येतो. म्हणून अकराच्या सुमारास आलेल्याला फारसं थांबावं लागत नाही आणि एकला आलेल्याला लागतं.

जिथं मिकी, प्लूटो अशी पात्रं टेबलापाशी येऊन भेटतात तिथं हे जास्तच होतं. कंटेम्पररी हॉटेलमधलं 'शेफ मिकीज' किंवा मॅजिक किंगडम या बागेतल्या सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं 'सिंड्रेलाज रॉयल टेबल' घ्या. पोट भरलं तरी कुणी उठत नाही, कारण एखादं पात्र अजून त्यांच्या टेबलापर्यंत पोचलेलं नसतं. त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही उठला नसता. शिवाय जून ते सप्टेंबर फ्लोरिडात दुपारी विजांसह जोराचा पाऊस येतो. वीज कडाडली की उघड्यावरचे पाळणे थांबवतात, आणि डिस्नेच्या मनोरंजन-बागांतले हजारो लोक एकाच वेळी छप्पर शोधतात. आत बसलेले तेव्हा मुळीच हलत नाहीत. आपल्या लोकांचा तिथं जायचा मोसम नेमका हाच असतो.

मोठ्या गोतावळ्यानं जाणाऱ्यांना आणखी एक सांगणं आहे. आठ-नऊ जणांची टेबलं कुठल्याही उपाहारगृहात मोजकीच असतात. दोघांच्या टेबलावरची माणसं उठली तरी तुम्हाला त्याचा उपयोग नाही. तुमच्यानंतर आलेलं जोडपं तुमच्याआधी आत गेलं, म्हणून काउंटरवरच्या मुलीशी वाद घालू नका. त्यांचं टेबल वेगळं, तुमचं वेगळं. त्यापेक्षा चार-चार जणांची दोन आरक्षणं जवळजवळच्या वेळेची करा आणि शेजारी बसायचा हट्ट सोडा. आजी-आजोबा एका टेबलावर दोन नातवंडांबरोबर आणि आई-वडील दुसऱ्यावर, यात काहीच बिघडत नाही. उलट नातवंडांना ते जास्त आवडतं.

आता ज्यासाठी मी हे कळकळीनं लिहितो आहे, तिकडे येतो. वाट पाहण्याचा कंटाळा येतो तो येऊ दे, त्यानं कुणाचं काही जात नाही. पण ज्यांच्या गोळ्या किंवा इन्सुलिन जेवणाच्या वेळेशी बांधलेलं असतं, त्यांच्यासाठी हा उशीर धोक्याचा आहे. आपल्या घरांत मधुमेहाच्या बऱ्याच ज्येष्ठांना ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या जातीची गोळी असते. ती घेतल्यावर वेळेवर खाणं पडलं नाही तर रक्तातली साखर घसरते. जेवणाआधीचं लवकर चढणारं इन्सुलिन तर त्याहून जोखमीचं. घरी सवय असते: साडेबाराला पान मांडलं जातं, म्हणून सव्वाबाराला इंजेक्शन. तीच सवय आरक्षणाच्या वेळेला लावली तर माणूस इन्सुलिन टोचून रांगेत उभा राहतो. त्यात सकाळपासून सहा-सात किलोमीटर चालणं झालेलं असतं, आणि चालण्यानंही साखर उतरतेच.

म्हणून हात जोडून सांगतो, आरक्षणाची वेळ बघून इन्सुलिन घेऊ नका. टेबलावर बसून, ऑर्डर देऊन, ताट समोर आल्यावर घ्यायचं की थोडं आधी, आणि जास्त चालण्याच्या दिवशी मात्रा किती ठेवायची, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. गोळ्यांचंही तसंच विचारा. भारतातून नुकतेच आलेल्यांना वेळेच्या फरकाचाही त्रास असतो. ऑरलँडो उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथं संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा शरीराला वाटत असतं पहाटेचे साडेचार. भूक केव्हा लागेल आणि केव्हा मरेल याचा पहिल्या चार दिवसांत भरवसा नसतो.

साखर उतरल्याची खूण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवी. घाम फुटतो, हात थरथरतात, धडधडतं, माणूस चिडतो किंवा विसंगत बोलू लागतो. फ्लोरिडाच्या उकाड्यात घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून बाबा नुसते थकलेत असं समजून त्याकडे दुर्लक्ष होतं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. नसतील तर तीन-चार छोटे चमचे साखर किंवा अर्धा कप फळांचा रस द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा आणि अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. डाएट पेय देऊ नका, त्यात साखर नसते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा आणि ९११ला फोन लावा. ग्लुकोजची पुडी त्यांच्या स्वतःच्या खिशात हवी. सुनेच्या पाठपिशवीत असून उपयोग नाही, कारण सून मुलाला घेऊन पाळण्याच्या रांगेत असते.

लहान मुलांचं शास्त्र सोपं आहे. चार वर्षांच्या मुलाला भूक लागली की लागली. त्याला सिंड्रेलाचा किल्ला दाखवून ती थांबत नाही. आरक्षणाच्या अर्धा तास आधी त्याला थोडं खायला द्या. 'आता खाल्लंस तर तिथं जेवणार नाहीस, एवढे पैसे भरलेत' असं म्हणून त्याला उपाशी ठेवू नका. पात्रांसोबतच्या जेवणाला मोठ्या माणसाचे साठ डॉलरच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून पुष्कळ जास्त पडतात, तेव्हा ते वसूल व्हावेत असं वाटणं साहजिक आहे. पण ते पैसे मुलाच्या आनंदासाठी भरलेत. रडून लाल झालेलं मूल मिकीकडे बघतही नाही.

खायला कुठून आणायचं, असं विचाराल. आपल्याला 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' ही पाटी वाचायची इतकी सवय झाली आहे की डिस्ने वर्ल्डमध्ये घरचा डबा नेता येतो, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. नेता येतो. काचेच्या बाटल्या-बरण्या चालत नाहीत, दारू चालत नाही आणि जे पुन्हा गरम करावं लागेल ते चालत नाही. बाकी स्वतःपुरतं खाणं खुशाल न्या. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळपोळी, चिक्की, दाण्याचा लाडू हे सगळं जणू याच कामासाठी जन्माला आलं आहे. लेकीच्या किंवा मुलाच्या घरून निघत असाल तर आदल्या रात्री करून ठेवा. भारतातून थेट जात असाल तर कोरडा खाऊ घ्या आणि अमेरिकेच्या विमानतळावर जे जे खाण्याचं जवळ आहे ते सगळं न लपवता सांगा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ बरोबर नेऊच नका. पाण्याला पैसे घालवू नका. जिथं पेल्यातून थंड पेयं मिळतात अशा कुठल्याही झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात.

झटपट खाण्याच्या या काउंटरांना कमी लेखू नका. फोनवरच्या डिस्नेच्या ॲपमधून ऑर्डर द्यायची, यायची वेळ निवडायची आणि पोचल्यावर 'मी आलो आहे' हे बटण दाबायचं. दुपारच्या वेळा भराभर संपतात, म्हणून सकाळी दहालाच दुपारची वेळ निवडून ठेवा. ॲनिमल किंगडम या बागेतल्या 'सातुली कँटीन'मध्ये भात, भाज्या आणि टोफूचा वाडगा मिळतो, तो आपल्या शाकाहारी माणसाला चालतो. मॅजिक किंगडमच्या 'कोलंबिया हार्बर हाउस'ला वरचा मजला आहे. खाली गोंधळ असला तरी वर ज्येष्ठांना निवांत बसता येतं. मेनूवर पानाची खूण दिसली तर त्या पदार्थात मांस, दूध, अंडं आणि मध यांपैकी काही नसतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र विचारूनच घ्यावं.

आणि टेबलावर बसून जेवायचंच असेल तर एक जागा मी आवर्जून सुचवेन. ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातलं 'सना'. स्वयंपाक आफ्रिकेचा, पण हात भारतीय वळणाचा. तिथं नान, कुलचा, पनीर पराठा अशा पोळ्या निवडायच्या आणि सोबत रायता, चिंचेची चटणी, लसणाचं लोणचं धरून नऊ तऱ्हेची तोंडीलावणी येतात. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात, म्हणून उजेड असतानाच जा. हे हॉटेलातलं उपाहारगृह असल्यामुळे बागेचं तिकीट लागत नाही. बागेत न जायच्या विश्रांतीच्या दिवशी तिथं गेलात तर थांबावं लागलं तरी चिडचिड होत नाही. रांगेमागे रांग लावून आलेला माणूस आणि दुपारी झोपून आलेला माणूस यांच्या वीस मिनिटांत फार फरक असतो.

आता आरक्षणाविषयी. १९८२ साली एपकॉट ही बाग उघडली तेव्हा लोक सकाळी आत शिरल्याबरोबर एका पडद्यापुढे उभे राहत. पडद्यावर समोरच्या माणसाशी बोलून त्या दिवसाचं टेबल मिळवावं लागे. पुढे हे आगाऊ होऊ लागलं, आणि कोविडच्या साथीपूर्वी तर लोक १८० दिवस आधी टेबल धरत. आता ही मुदत ६० दिवसांची आहे. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबलं एकदम घेता येतात. तिथं सकाळी सहाच्या सुमारास नोंदणी उघडते. उन्हाळ्यात तेव्हा भारतात दुपारचे साडेतीन असतात, म्हणजे इथून करणाऱ्याला पहाटे उठावं लागत नाही. नियम बदलत असतात, म्हणून जाण्याच्या वेळी त्यांच्या ॲपवर एकदा पुन्हा वाचून घ्या.

वेळ निवडताना सगळे निवडतात ती निवडू नका. सकाळी अकरा किंवा दुपारी तीन, संध्याकाळी साडेचार-पाच. आपल्याकडच्या ज्येष्ठांना साडेचारला जेवा म्हटलं की ते नको म्हणतील. त्यांना सांगा की हा चहा-फराळ समजा, रात्री खोलीवर दहीभात आहे. एपकॉटमध्ये २०२१ साली उघडलेलं 'स्पेस २२०' किंवा मॅजिक किंगडमचं 'बी अवर गेस्ट' अशा गाजलेल्या ठिकाणी आरक्षण मिळणंच कठीण जातं. नाही मिळालं तर नाही. मुलाला ते नाव तुम्हीच सांगितलेलं असतं. दिवसाला एकच आरक्षण पुरे, आणि त्याच्या आधी-नंतर प्रत्येकी एक तास मोकळा ठेवा. जेवणानंतर लगेच कुठल्या तरी शोची वेळ बांधली असेल तर टेबल उशिरा मिळताच दोन्हींचा विचका होतो.

पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशिरा पोचलात तर आरक्षण गेलं असं समजा. ती बाग मोठी आहे आणि आजीची चाल मंद आहे, हे धरून निघा. पोचल्याची नोंद फोनवरूनही करता येते, टेबल तयार झालं की निरोप येतो. निरोप येईपर्यंत दाराशी उभं राहायची गरज नाही. एकानं फोन सांभाळावा आणि बाकीच्यांनी जवळच सावलीत बसावं.

दाराशी गेल्यावर शांतपणे दोन प्रश्न विचारा: साधारण किती मिनिटं लागतील, आणि उशीर कशामुळे होतो आहे. यानं टेबल लवकर मिळणार नाही, पण थांबणं सोसतं. डेव्हिड मेस्टर या हार्वर्डच्या अभ्यासकानं १९८५ साली वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला, तो आजही हॉटेल व्यवसायात वाचला जातो. किती थांबायचं ते ठाऊक नसलं, कारण कळलं नाही आणि हाताला काही काम नसलं, की तेवढाच वेळ माणसाला लांब वाटतो, असं त्यानं मांडलं. पाळण्यांच्या बाहेर प्रतीक्षेची मिनिटं लिहिलेली असतात, आरक्षित टेबलासाठी मात्र असा फलक नसतो. म्हणून तुम्हीच विचारायचं. उत्तर पंधरा मिनिटं असेल तर पत्त्यांचा डाव काढा. पाऊण तास असेल तर तिथंच ठरवा, थांबायचं की जायचं. जायचं ठरलं तर न सांगता निघून जाऊ नका. काउंटरवर आरक्षण रद्द करून घ्या आणि आरक्षण करताना दिलेल्या कार्डावर आकार लागणार नाही ना, ते विचारून मगच निघा.

घरात मधुमेही माणूस असेल आणि थांबणं त्याला झेपणार नसेल, तर तेही स्वच्छ सांगा. संकोच करू नका. आपल्याकडची मोठी माणसं परक्यासमोर दुखणं काढत नाहीत. 'मी ठीक आहे, तुम्ही माझी काळजी करू नका' म्हणतात आणि भिंतीला टेकतात. त्यांच्या वतीनं तुम्ही बोला. खुर्ची मागा, रस मागा.

उशीर झाला म्हणून वाढणाऱ्याची टिप कापू नका. दारावरची मुलगी वेगळी, स्वयंपाकघर वेगळं, आणि तुमचं ताट आणून देणारा माणूस वेगळा. त्याला तुम्ही बाहेर किती वेळ उभे होता हे माहीतही नसतं, आणि अमेरिकेत त्याच्या कमाईचा मोठा हिस्सा टिपेतूनच येतो. सहा किंवा जास्त माणसं असतील तर १८ टक्के बिलातच लावलेले असतात. बिल नीट वाचा, म्हणजे दोनदा दिले जाणार नाहीत. तक्रार असेल तर ती व्यवस्थापकाकडे करा, ठरलेली वेळ आणि बसायला मिळालेली वेळ सांगून.

शेवटी एक विनंती. 'बघू तेव्हाचं तेव्हा' म्हणून एकाच संध्याकाळची तीन-तीन टेबलं धरून ठेवू नका. आपले ओळखीचे लोक हे एकमेकांना युक्ती म्हणून शिकवतात, आणि त्यामुळेच दुसऱ्या कुणा आजीला साडेचारचं टेबल मिळत नाही. न जाता टेबल तसंच अडकवून ठेवलं तर बहुतेक ठिकाणी माणशी दहा डॉलर कापले जातात, म्हणजे सहा जणांचे साठ. जिथं पैसे आधीच भरलेले असतात तिथं ते सगळेच बुडू शकतात. तेव्हा रोज रात्री खोलीवर आल्यावर ॲप उघडा, दुसऱ्या दिवशीचं एक टेबल ठेवा आणि बाकीची सोडून द्या. सकाळी बेत बदलला तरी जेवणाच्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत बहुतेक आरक्षणं फुकट रद्द करता येतात.